अमेरिकेत डॉक्टर व्हायचे असेल, तर पदवीचे कॉलेज कसे निवडावे

अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय शिक्षणाला जाण्याची सर्वसाधारण सोय नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, त्यानंतर चार वर्षांचे मेडिकल स्कूल आणि शेवटी विषयानुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले पगारी प्रशिक्षण, असा हा लांबचा रस्ता आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात थेट दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, तेव्हा आधी पदवी घेण्याची अट नव्हती. जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये आपले मेडिकल स्कूल उघडताना ती घातली आणि वैद्यकीय शिक्षणाची तपासणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर ‘आधी कॉलेज, मग वैद्यक’ ही रीत देशभर रुजली. त्यामुळे भारतात जी धावपळ नीटच्या निकालानंतर सुरू होते, तिचा पहिला अंक इथे हायस्कूलच्या अकरावी-बारावीतच, आणि वरवर पाहता डॉक्टरकीशी संबंध नसलेल्या प्रश्नाच्या रूपात, समोर येतो: पदवीसाठी कुठे जायचे?

आमच्या मुलीच्या निमित्ताने मी ही प्रक्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली आहे, आणि तिच्या बरोबरीच्या अनेक मराठी मुलांची कॉलेजनिवडही जवळून पाहिली आहे. आपल्या घरांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते: ज्या कॉलेजाचे नाव सर्वांत मोठे, तिथे. माझे मत वेगळे आहे. प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या, विद्यार्थ्याला असे कॉलेज हवे, जिथे त्याचे गुण वर राहतील, दोन-चार प्राध्यापक त्याला नावाने ओळखतील, रुग्णालय बसच्या अंतरावर असेल आणि चार वर्षांनी घर कर्जात बुडालेले नसेल. नावाचा विचार त्यानंतर करावा. पुढील पायऱ्या मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या आणि मूल दहावी ते बारावीत असलेल्या कुटुंबांसाठी आहेत. महाराष्ट्रातून मुलाला इकडे पाठवण्याचा विचार करणाऱ्यांनी पहिली पायरी दोनदा वाचावी.

१. सर्वांत आधी मुलाचा व्हिसा आणि राज्य तपासा

कॉलेजांच्या याद्या करण्यापूर्वी एका कागदावर मुलाची कायदेशीर स्थिती लिहून काढा: नागरिक, ग्रीन कार्डधारक (कायमचा रहिवासी), एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) की एफ-१ (विद्यार्थी व्हिसा). पदवीच्या कॉलेजांना परदेशी विद्यार्थी हवेच असतात, त्यामुळे तिथे ही बाब फारशी अडचण करत नाही. पण चार वर्षांनी मेडिकल स्कूलच्या दारात हीच बाब सर्वांत मोठी ठरते. बहुतेक सरकारी मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना घेतात. काही खासगी संस्था परदेशी विद्यार्थ्यांचा विचार करतात, परंतु जागा मोजक्या असतात, आणि त्यांतल्या अनेक संस्था एक किंवा अधिक वर्षांची फी आधीच बाजूला ठेवल्याचा पुरावा मागतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्जही अशा विद्यार्थ्यांना मिळत नाही.

एच-४ व्हिसावर वाढलेल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा आहे. भारतात जन्मलेल्या अर्जदारांची नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की तान्हेपणी इथे आलेले मूलही एकविसाव्या वर्षी पालकांच्या अर्जातून बाहेर पडून एफ-१ वर जाण्याची वेळ येऊ शकते, म्हणजे नेमके पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, मेडिकल स्कूलचा अर्ज भरण्याच्या सुमारास. अशा कुटुंबांनी इमिग्रेशन वकिलाकडून मुलाचे सीएसपीए वय, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कायद्याने धरले जाणारे वय, काढून घ्यावे. ग्रीन कार्डासाठी भरलेला आय-१४० अर्ज प्रलंबित असलेला काळ त्यात वयातून वजा होतो, आणि काही महिन्यांच्या फरकानेही निकाल बदलू शकतो. वेळेत ग्रीन कार्ड मिळण्याची शक्यता कमी असेल, तर परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या मेडिकल स्कूलांची यादी आजच काढा आणि पदवीचे कॉलेज निवडताना खर्चाला सर्वांत जास्त महत्त्व द्या.

महाराष्ट्र किंवा गोव्यातून बारावीनंतर एफ-१ वर येऊन पुढे इथेच एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) करण्याचा बेत असेल, तर स्पष्ट सांगते: पैशांची मोठी तयारी आणि दुसरा पर्याय हाताशी असल्याखेरीज हा मार्ग मी सुचवणार नाही. भारतात एमबीबीएस करून यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेतल्या वैद्यकीय परवान्याच्या, परीक्षा देणे आणि रेसिडेन्सीसाठी इथे येणे, ही वाट कठीण असली तरी तिच्यावरून गेलेले भारतीय डॉक्टर या देशातल्या कुठल्याही शहरात भेटतील.

यानंतर राज्य. सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्यातल्या रहिवाशांना झुकते माप देतात. टेक्सासमध्ये तर सरकारी मेडिकल स्कूलांनी निदान ९० टक्के जागा राज्यातल्या विद्यार्थ्यांना द्याव्यात असा नियमच आहे, आणि तिथल्या बहुतेक मेडिकल स्कूलांसाठी टीएमडीएसएएस ही स्वतंत्र अर्जपद्धती आहे. उलट कॅलिफोर्नियात अर्जदारांच्या मानाने जागा कमी असल्याने तिथली पुष्कळ मुले राज्याबाहेर जातात. मूल शिकायला दुसऱ्या राज्यात गेले म्हणून तिथले रहिवासी होत नाही. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचा रहिवास साधारणपणे पालकांच्या घराप्रमाणे धरतात. त्यामुळे ह्यूस्टनच्या मुलीने बॉस्टनला पदवी घेतली तरी टेक्सासचा फायदा सहसा टिकतो. मात्र आईवडील याच काळात नोकरीसाठी राज्य बदलणार असतील, तर त्याचा परिणाम आधीच पाहून ठेवावा.

२. मेडिकल स्कूल नेमके काय मागते, ते वाचून घ्या

प्री-मेड नावाची पदवी बहुतेक कॉलेजांत नसतेच. तो एक मार्ग आहे: मुलाने मेजर (मुख्य विषय) कोणताही घ्यावा, पण ठरावीक विषय पूर्ण करावेत. बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचे प्रयोगशाळेसह एकेक वर्ष, सेंद्रिय रसायनशास्त्राची एक-दोन सत्रे, जीवरसायनशास्त्र, इंग्रजी लेखन आणि संख्याशास्त्र यांची अपेक्षा असते. एमकॅटमध्ये २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा विभाग आल्यामुळे त्यांचाही एकेक कोर्स उपयोगी पडतो. अर्जदारांपैकी निम्म्याहून अधिक मुले जीवविज्ञानाची असतात, पण इतिहास किंवा भाषा घेऊन आलेल्या मुलांच्या निवडीचे प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी नाही. तेव्हा ‘बायोलॉजीला चांगले’ एवढ्याच कारणाने कॉलेज निवडू नये. मुलाला आवडणारा दुसरा एखादा विषय तिथे नीट शिकवतात का, हेही पाहावे.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून सांगते. एमडी देणाऱ्या मेडिकल स्कूलांकडे दरवर्षी ५० हजारांहून अधिक विद्यार्थी अर्ज करतात आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळतो. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (सर्व कोर्सांच्या गुणांची चारपैकी सरासरी) ३.७७ ते ३.८ च्या घरात आणि एमकॅटचा गुणांक ५११-५१२ च्या आसपास असतो. ही परीक्षा ४७२ ते ५२८ या मोजपट्टीवर मोजली जाते. डीओ पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक संस्थांची सरासरी याहून थोडी खाली असते. त्या पदवीधरांनाही रेसिडेन्सी आणि वैद्यकीय परवाना पूर्णपणे मिळतो, त्यामुळे ‘डीओ म्हणजे दुय्यम’ ही आपल्या गप्पांमधली समजूत सोडून द्यावी.

या टप्प्यावर दोन सापळे आहेत. पहिला एपीचा, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचा. हायस्कूलमध्ये एपी रसायनशास्त्रात पाचपैकी ५ मिळाले म्हणून कॉलेजने क्रेडिट दिले, तरी अनेक मेडिकल स्कूल ते आवश्यक विषयाच्या जागी स्वीकारत नाहीत किंवा त्या विषयातला वरच्या पातळीचा कोर्स मागतात. ‘एपीमुळे एक वर्ष वाचेल’ या हिशोबावर कॉलेजचा खर्च मांडू नका.

दुसरा सापळा कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजच्या) कोर्सांचा, आणि आपले उत्साही पालक यात हटकून सापडतात. मूल हायस्कूलमध्ये असताना कॉलेजचे जे कोर्स घेते, ते सगळे पुढे एम्कॅस या मध्यवर्ती अर्जात नोंदवावे लागतात आणि त्यांचे गुण जीपीएत धरले जातात. सोळाव्या वर्षी उन्हाळ्यात हौसेने घेतलेल्या कॅल्क्युलसमधला सी बाविसाव्या वर्षीही अर्जावर दिसतो. तोच कोर्स पुन्हा देऊन ए मिळवला तरी एम्कॅस दोन्ही गुण मोजते. शिवाय जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढला जातो, त्यामुळे सोपे कोर्स घेऊन एकूण सरासरी फुगवण्याचा डाव तिथे उघडा पडतो.

३. गुण कुठे टिकतील, याचा प्रामाणिक अंदाज घ्या

माझ्या मते हा सगळ्या निवडीचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबते.

समजा, पहिल्या वर्षाअखेर मुलाचा जीपीए ३.२ झाला. बाहेरून हा आकडा काही वाईट वाटत नाही. पण दरवर्षी ३० क्रेडिट धरले, तर उरलेल्या तीनही वर्षांत एकूण एक कोर्समध्ये ए मिळवला तरच पदवीअखेर तो ३.८ होतो. आणि पदवी संपताच मेडिकल स्कूलमध्ये जायचे असेल, तर अर्ज तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात भरावा लागतो. तोवर दोन वर्षे निष्कलंक गेली तरी आकडा ३.७३ वरच थांबतो. म्हणजे घरापासून दूर, नव्या वातावरणात गेलेले पहिले वर्षच सर्वांत निर्णायक असते, आणि कॉलेज निवडताना विचार करायचा तो याच वर्षाचा.

मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या वर्गात तीनशे-चारशे मुले बसतात, आणि काही ठिकाणी गुण एकमेकांच्या तुलनेत दिले जातात. वर्गातल्या प्रत्येकाला डॉक्टर व्हायचे असते आणि प्रत्येक जण आपल्या हायस्कूलचा पहिला-दुसरा असतो. अशा वर्गात तुमचे मूल वरच्या चौथाईत राहील का, हा प्रश्न मुलाच्या हुशारीबद्दल शंका घेणारा नाही. तो निव्वळ गणिताचा आहे. नामवंत खासगी कॉलेजांतही गुणदानाची पद्धत सारखी नसते. प्रिन्स्टनने २००४ मध्ये प्रत्येक विभागात ए श्रेणी साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच द्यावी असे धोरण आणले होते आणि २०१४ मध्ये ते मागे घेतले. असे लेखी धोरण सर्वत्र नसले, तरी विज्ञान विभागांची अलिखित परंपरा असते, आणि ती जाणून घेण्याचा मार्ग एकच: तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या प्री-मेड मुलांशी बोलणे. त्यांना विचारा की सेंद्रिय रसायनशास्त्राच्या गेल्या परीक्षेची सरासरी किती होती, बी कुठे संपतो आणि ए कुठे सुरू होतो, आणि त्यांच्या मजल्यावर पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणवणाऱ्यांपैकी आज किती जण उरले आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना मुले हसतात; त्या हसण्याकडेही लक्ष द्या.

नावाला काहीच वजन नसते, असे मी म्हणणार नाही. काही नामवंत मेडिकल स्कूलांच्या वर्गांत ठरावीक कॉलेजांची मुले डोळ्यांत भरतील इतकी असतात, आणि कठीण कॉलेजमधल्या ३.७ कडे थोड्या सहानुभूतीने पाहणारे लोक प्रवेश समित्यांत असतातच. पण ही सवलत दशांशाच्या दुसऱ्या स्थानावर चालते. ३.४ ला ती वाचवत नाही. मुलाला खरोखर त्या दर्जाच्या स्पर्धेत आनंद वाटत असेल, तर जरूर जावे. शेजारच्या घरातला मुलगा तिथे गेला म्हणून जाऊ नये.

४. ‘आमची ९० टक्के मुले मेडिकलला जातात’ या वाक्याची चौकशी करा

कॉलेजच्या माहितीसत्रात हे वाक्य हमखास ऐकू येते. देशभरात अर्ज केलेल्यांपैकी निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत असताना एखाद्या साध्या कॉलेजचा आकडा ९० टक्के कसा, असा प्रश्न आपल्याला पडायला हवा. उत्तर बहुधा भागाकारात असते. ज्यांनी पहिल्या वर्षी प्री-मेड निवडले त्यांच्यापैकी ९० टक्के, की ज्यांनी शेवटी अर्ज भरला त्यांच्यापैकी? अर्ज भरणाऱ्यांतही, कॉलेजच्या समितीने ज्यांना पाठिंबा दिला तेवढेच मोजले का?

ही समिती म्हणजे काय, ते समजून घ्या. बऱ्याच कॉलेजांत प्री-हेल्थ सल्लागार आणि प्राध्यापक मिळून विद्यार्थ्यासाठी एकत्रित शिफारसपत्र लिहितात. ते चांगले असेल तर मोठा आधार होतो. परंतु काही ठिकाणी ठरावीक जीपीए नसलेल्या मुलांना समिती पत्र देत नाही, आणि जिथे अशी समिती आहे तिथल्या विद्यार्थ्याने पत्राशिवाय अर्ज केला तर मेडिकल स्कूल त्याचे कारण विचारू शकते. तेव्हा पुढील गोष्टी ईमेलने, लेखी विचाराव्यात: समितीचे पत्र सर्वांना मिळते का, नसेल तर अट कोणती, गेल्या वर्षी एकूण किती विद्यार्थ्यांनी अर्ज केले आणि किती जणांना प्रवेश मिळाला, पदवीनंतर एक-दोन वर्षांनी अर्ज करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मदत मिळते का, आणि एका सल्लागाराकडे किती विद्यार्थी असतात. चौथा प्रश्न मामुली वाटतो, पण सध्या मेडिकल स्कूलमध्ये जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले मध्ये निदान एक वर्षाची गॅप घेतात. आपल्याकडे वर्ष वाया गेले असे म्हणतात, तसे इथे कोणी मानत नाही.

गोलमोल उत्तर आले, तर तेही उत्तरच समजा.

५. आठ वर्षांच्या पैशांचा हिशोब एकत्र मांडा

नामवंत खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासह छापील खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास पोचला आहे. आपल्यापैकी अनेक दुहेरी पगाराची घरे अशा मधल्या जागी असतात, जिथे गरजेवर आधारित मदत मिळत नाही आणि पूर्ण खर्च खिशातून करण्याइतकी शिल्लकही नसते. अशा घराने चार वर्षांत सगळी बचत पदवीवर संपवली, तर त्यानंतरच्या चार वर्षांसाठी काय उरते? कर्ज काढून मेडिकल पूर्ण करणाऱ्यांचे मध्यक कर्ज सुमारे २ लाख डॉलर असते, आणि त्यावरचे व्याज रेसिडेन्सीच्या तुटपुंज्या पगाराच्या काळातही थांबत नाही.

यात आता नवी अडचण आली आहे. ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे सरकारी) कर्ज मिळणार नाही, आणि वैद्यकासारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी केंद्राचे कर्ज वर्षाला ५० हजार व एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळेल. पालकांच्या नावावर मिळणाऱ्या पॅरेंट प्लस कर्जालाही वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलरची मर्यादा आली आहे. मेडिकल स्कूलचा सगळा खर्च सरकारी कर्जात बसेल, हा जुन्या पिढीचा सल्ला त्यामुळे कालबाह्य झाला आहे. उरलेली रक्कम बँकेच्या खासगी कर्जातून किंवा घरातून येणार. म्हणून आपल्या राज्याचे सरकारी विद्यापीठ, आणि तिथे ऑनर्स कॉलेज (निवडक हुशार मुलांसाठीचा विभाग) असेल तर ते, मी यादीत सर्वांत वर ठेवीन. गुणवत्तेवर मोठी शिष्यवृत्ती देणारे दुसऱ्या राज्यातले विद्यापीठ त्याखालोखाल.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर मदत वजा जाता खर्चाचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. यादीत नाव घालण्यापूर्वी तो भरून पाहा. अर्ली डिसिजनचा अर्ज बांधून ठेवणारा असतो: प्रवेश मिळाला की सहसा जावेच लागते, आणि इतर कॉलेजांच्या मदतीशी तुलना करण्याची संधी राहत नाही. पैशांचा प्रश्न असलेल्या प्री-मेड घराने तो शक्यतो टाळावा. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ मध्ये आणि आल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनने २०२४ मध्ये मेडिकलची शिकवणी फी सर्वांना माफ केली हे खरे, पण त्या मूठभर जागांवर घराचे अंदाजपत्रक उभे करता येत नाही.

६. रुग्णालय, प्रयोगशाळा आणि पत्र लिहू शकणारे प्राध्यापक

मेडिकल स्कूलला गुणांच्या जोडीने रुग्णांमध्ये घालवलेला वेळ हवा असतो: रुग्णालयात स्वयंसेवा, डॉक्टरांच्या सोबत राहून काम पाहणे, ईएमटीचे (आपत्कालीन वैद्यकीय मदतीचे) प्रशिक्षण घेऊन रुग्णवाहिकेवर काम, डॉक्टरांच्या नोंदी लिहिणाऱ्या स्क्राइबची नोकरी. हे सगळे अभ्यास सांभाळून करायचे असल्याने अंतर फार महत्त्वाचे ठरते. पिट्सबर्ग विद्यापीठ किंवा क्लीव्हलंडचे केस वेस्टर्न यांच्या आवारातून मोठी रुग्णालये चालत जाण्याजोगी आहेत. गावाबाहेरच्या टेकडीवरच्या देखण्या कॉलेजात गाडीशिवाय रुग्णालय गाठता येणार नसेल, तर मुलाचे तास उन्हाळ्यापुरते उरतात.

मात्र लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांची दुसरी बाजू भक्कम आहे, आणि आपले लोक ती नावे ओळखीची नसल्यामुळे सोडून देतात. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, पोमोना, कार्लटन अशा ठिकाणी वर्ग लहान असतात, वरच्या पदवीचे विद्यार्थी नसल्याने प्रयोगशाळेतले काम पदवीच्या मुलांच्याच वाट्याला येते, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाने मुलाला खरोखर पाहिलेले असते. मेडिकल स्कूल साधारणपणे विज्ञानाच्या दोन आणि विज्ञानेतर एका प्राध्यापकाचे पत्र मागतात. चारशेंच्या वर्गातून अशी पत्रे मिळवता येतात, पण त्यासाठी मुलाने स्वतःहून प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (भेटीच्या ठरावीक वेळांना) जाऊन बसण्याचा स्वभाव हवा. तुमचे मूल अबोल असेल, तर हा मुद्दा कॉलेजच्या क्रमवारीपेक्षा कितीतरी जड समजा.

७. बीएस-एमडीचा मोह आणि त्याच्या अटी

हायस्कूलमधूनच पदवी आणि मेडिकल या दोन्ही जागा एकत्र देणारे काही कार्यक्रम आहेत. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा पीएलएमई, मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठाचा सहा वर्षांचा कार्यक्रम, न्यूयॉर्क शहराच्या क्यूनी या सरकारी विद्यापीठाचा सात वर्षांचा कार्यक्रम ही ठळक नावे. न्यू जर्सीतल्या काही कॉलेजांचेही रटगर्सच्या मेडिकल स्कूलशी करार आहेत. भारतीय पालकांचा यांच्याकडे विशेष ओढा असल्यामुळे स्पर्धा फार तीव्र असते, आणि बहुतेक ठिकाणी मुलाखतही होते.

अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक कार्यक्रमाच्या अटी मूळ कागदावर वाचा. किमान जीपीए किती राखावा लागतो, एमकॅट द्यावी लागते का आणि किती गुण हवेत, दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केल्यास राखून ठेवलेली जागा जाते का, आणि एखाद्या सत्रात घसरल्यास सुधारण्याची संधी मिळते का, हे चार मुद्दे पाहावेत. ओळखीच्यांनी सांगितलेल्या अटींवर विसंबू नका; त्या वरचेवर बदलतात, आणि काही कार्यक्रम बंदही झाले आहेत. सतरा वर्षांच्या मुलाने स्वतः रुग्णालयात काही काळ काढून हा निर्णय घेतला असेल, तर हा मार्ग उत्तम आहे. केवळ पालकांची चिंता आठ वर्षे आधी मिटावी यासाठी असेल, तर मुलाखत घेणाऱ्यांना ते पाच मिनिटांत कळते.

८. जवळ ठेवायची कागदपत्रे आणि साधने

– हायस्कूलची गुणपत्रिका, एपीचे निकाल आणि कम्युनिटी कॉलेजमध्ये घेतलेल्या प्रत्येक कोर्सची स्वतंत्र अधिकृत गुणपत्रिका.
– पालकांची करविवरणे आणि डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला). एफएएफएसए (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरणे सहसा १ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, आणि अनेक खासगी कॉलेज त्याशिवाय सीएसएस प्रोफाइल (कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा अर्ज) मागतात.
– व्हिसा, आय-७९७ (इमिग्रेशन खात्याकडून अर्जाबद्दल आलेली सूचना) आणि ग्रीन कार्डाच्या अर्जाची कागदपत्रे. राज्यातल्या वास्तव्याचे पुरावे.
– प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट. वर्गांचे आकार, पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण आणि आर्थिक मदत यांची माहिती एकाच ठराविक नमुन्यात मिळत असल्याने जाहिरातीपेक्षा तो भरवशाचा.
– एमएसएआर, म्हणजे मेडिकल स्कूलांच्या अपेक्षांची एएएमसी या मेडिकल स्कूलांच्या संघटनेने तयार केलेली सूची. ती सशुल्क आहे, पण परदेशी विद्यार्थी, एपी क्रेडिट आणि राज्यातल्या जागा यांची खात्री करण्यासाठी तिला पर्याय नाही.
– मुलाच्या स्वयंसेवेच्या तासांची वही. तारीख, ठिकाण, देखरेख करणाऱ्याचे नाव आणि त्या दिवशी काय पाहिले, याची एक ओळ.

९. १ मेपूर्वीचा निर्णय

बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो. एप्रिलमध्ये हाती आलेले प्रस्ताव एका तक्त्यात मांडा: चार वर्षांचा निव्वळ खर्च, समितीची अट, रुग्णालयाचे अंतर, पहिल्या वर्षाच्या वर्गांचा आकार. शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी किती जीपीए लागतो, हा रकाना विसरू नका. आर्थिक मदतीचे पत्र अपुरे वाटले तर कॉलेजला फेरविचाराची विनंती करता येते. दुसऱ्या कॉलेजचा प्रस्ताव जोडून नम्रपणे लिहिलेल्या पत्राने काही वेळा रक्कम वाढते. शक्य असेल तर आवडलेल्या दोन कॉलेजांत मुलाला एक रात्र वसतिगृहात राहू द्या आणि तुम्ही स्वतः हॉटेलवर थांबा.

आणखी एक तपासणी राहते. निम्म्याहून अधिक प्री-मेड मुले वाटेत विचार बदलतात, असे कॉलेजमधले सल्लागारच सांगतात, आणि त्यात लाजिरवाणे काही नाही. तेव्हा मुलाला विचारा की डॉक्टर होणे सुटले तरी याच कॉलेजात राहायला आवडेल का. उत्तर नाही असेल, तर ते नाव यादीतून काढा.

अनामत भरल्यावर इतर कॉलेजांना लगेच नकार कळवा, म्हणजे प्रतीक्षायादीतल्या मुलांना जागा मिळतील. पहिल्या सत्राच्या नोंदणीआधी प्री-हेल्थ सल्लागाराची वेळ घ्या, आणि रसायनशास्त्र, जीवशास्त्र व कॅल्क्युलस हे तिन्ही एकाच सत्रात घेण्याचा आग्रह घरातून होऊ देऊ नका; प्रयोगशाळेचे दोन विषय आधीच भरपूर असतात. लसीकरणाच्या नोंदींची एक प्रत मुलाबरोबर द्या, कारण रुग्णालयातल्या स्वयंसेवेच्या अर्जासोबत सर्वांत आधी त्याच मागतात.